फिलूमावशीचा वेग

ऑगस्ट २०१५, दुसरा रविवार, सकाळचे साडेनऊ. स्थळ : वसई, आमच्या घराचं अंगण. हजर : आई, बाबा, धाकटा भाऊ जेरी, त्याची बायको, शेजारच्या रोझीबाई, गाडीचा ड्रायव्हर, माझा नवरा व्हिन्सेंट, आमची चौदा वर्षांची जोआना आणि मी. एकूण नऊ माणसं आणि सहा बॅगा. बॅगांवर मी नंबर टाकले होते आणि कोणत्या नंबरात काय याची यादी माझ्या पर्समध्ये होती. जेरी म्हणाला, "ताई, आता आम्हालाही नंबर टाक, म्हणजे परत आल्यावर मोजून घेता येईल."

क्रुसापाशी प्रार्थना झाली. आईने प्रत्येकाच्या कपाळावर अंगठ्याने खूण केली. गाडीच्या खिडकीशी येऊन ती मला एवढंच म्हणाली, "तिकडे गेल्यावर पहिलं आपलं माणूस शोध. घर नंतर शोध."

मी ते यादीच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. हसू नका. मला लिहिल्याशिवाय लक्षात राहत नाही.

हे मी वसईला मागे राहिलेल्यांसाठी लिहिते आहे, आणि इकडे टोरांटोकडे, कॅल्गरीला येऊन पडलेल्यांसाठीही. तुम्ही फोनवर विचारता, "कसं चाललंय?" मी "छान" म्हणते. चार वर्षं म्हणते आहे. यावेळी सविस्तर लिहिते.

वालीवच्या प्लॅस्टिकच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं उत्पादनाचं नियोजन पाहिलं. कोणत्या मशीनवर कधी कोणता साचा चढवायचा, कोणाची शिफ्ट कधी. क्वेबेक या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांताने आम्हाला बोलावलं ते त्या अनुभवावर आणि शनिवारच्या क्लासात शिकलेल्या फ्रेंचवर. मॉन्ट्रियलला उतरल्यावर कळलं की इंजिनियर म्हणून सही करायची असेल तर इथला परवाना लागतो आणि माझी पदवी त्याला पुरत नाही. इतके विषय राहिले होते, की सरळ पुन्हा शिकणंच सोपं पडलं. म्हणून बेचाळिसाव्या वर्षी मी फ्रेंच इंजिनियरिंग स्कूलमध्ये 'जेनी अँदुस्त्रिएल', म्हणजे इंडस्ट्रियल इंजिनियरिंगला नाव घातलं. वर्गातली मुलं जोआनापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. पहिल्या सत्रात मला प्राध्यापकांचे विनोद सोडून सगळं कळत असे. दुसऱ्या सत्रात विनोद कळू लागले, तेव्हा समजलं की मधे बरंच काही सुटलं होतं.

आपलं माणूस मात्र आईने सांगितल्याप्रमाणे आधीच मिळालं होतं. पहिल्याच नोव्हेंबरात, चर्चमधली मिस्सा संपल्यावर बसस्टॉपवर, माझ्या पायांतल्या कॅनव्हासच्या बुटांकडे बघून मागून मराठीत आवाज आला, "काय गं, पाय नकोसे झालेत का तुला?"

ही फिलोमेना. आगाशीची, आईपेक्षा थोडी लहान, म्हणून मावशी. बहारिनला दहा वर्षं लोकांची मुलं सांभाळली, मग इथे आली, इथेही आधी मुलं सांभाळली, आणि आता गोठवलेल्या मटण-पायच्या, म्हणजे खिमा भरलेल्या मैद्याच्या पेस्ट्रीच्या, एका फॅक्टरीत पॅकिंगला होती. नवरा गेलेला, मुलगा टोरांटोच्या नॉर्थ यॉर्कला. त्याच आठवड्यात तिने मला बूट घेऊन दिले. महिन्याभरात तिच्याच इमारतीतला अर्धा जमिनीखालचा फ्लॅट मिळवून दिला. इथे त्याला 'दमी-सूसोल' म्हणतात. बर्फ पडला की खिडकी बुजते, आणि ती फावड्याने मोकळी केल्याशिवाय दिवस झाला की नाही ते कळत नाही. माझ्या परीक्षांच्या दिवसांत जोआना तिच्याकडे जेवे. कोळंबी सोलायला मावशीला पाऊण तास लागे, कारण मनगट दुखे, आणि मधे मधे हात खाली ठेवून ती आगाशीबद्दल बोले. तिथल्या घराला तिने नवीन ग्रिल बसवून घेतली होती. पडद्याचं कापड इथून घेऊन, खिडकीच्या मापाने कापून ठेवलं होतं. पासष्टला पेन्शन सुरू की लगेच परत. "दोन हिवाळे राहिले," ती म्हणायची. त्रेसष्टाव्या वर्षी तिला दुसरं काही मोजायचं नव्हतं.

२०१८च्या शरद सत्रात मला शेवटचा प्रोजेक्ट करायचा होता, खऱ्या कारखान्यात. बावीस ठिकाणी अप्लाय केलं. वयामुळे असेल, उच्चारांमुळे असेल, कुठूनही उत्तर नाही. मी हे मावशीला सांगितलं, आणि पुढच्याच सोमवारी तिने आपल्या सुपरवायजरला, जिलला, गाठलं. "माझी भाची इंजिनियर होतेय," असं तिने त्याला तिच्या मोडक्या फ्रेंचमध्ये इतक्या वेळा सांगितलं, की त्याने शेवटी मला बोलावलं. काम : पॅकिंगच्या टेबलांवर एक खोका भरायला किती वेळ लागतो, ते मोजून किती माणसं पुरतील ते सांगणं. तिथे मावशी धरून तिघी जणी होत्या.

हे मोजणं माझ्या विषयातलं अगदी प्राथमिक काम आहे. हातात स्टॉपवॉच आणि फळीवर तक्ता. पण वेळ मोजून भागत नाही. तक्त्यात आणखी एक रकाना असतो, त्याला फ्रेंचमध्ये 'आल्यूर' म्हणतात. समोरचं माणूस त्या क्षणी नेहमीच्या वेगाने काम करतं आहे की घाईने, ते बघणाऱ्याने ठरवून तिथे आकडा लिहायचा. नेहमीचा वेग असेल तर शंभर. घाई असेल तर एकशे दहा, एकशे पंचवीस, जसं दिसेल तसं. मोजलेली वेळ त्या आकड्यावरून दुरुस्त होते : घाई असेल तर ती वाढवून धरायची. घड्याळ कोणीही लावू शकतं. इंजिनियर लागतो तो या रकान्यासाठी.

मोजायचं कोणाला? टेबलावरच्या बाकी दोघींनी, एक हैतीची आणि एक व्हिएतनामची, माझ्या हातातलं घड्याळ बघून पाठ फिरवली. मला तेव्हा वाईट वाटलं. एका अनुभवी बाईची मोजणी पुरेल, असं जिल म्हणाला. मावशी तयारच होती.

आदल्या संध्याकाळी मी तिला सांगायला गेले होते. मोठ्या माणसाकडे न सांगता जायचं नाही, या आपल्या वळणाने. सकाळी बघते तर जाळीच्या टोपीखाली केस नीट बसवलेले, कानात सणाच्या कुड्या. फॅक्टरीत कुड्या चालत नाहीत, म्हणून जिलने त्या काढायला लावल्या. "घड्याळ लाव," ती म्हणाली आणि सुरू झाली. सहा पाय, झाकण, टेप, ढकल. सहा पाय, झाकण, टेप, ढकल. एकदाही हात खाली ठेवला नाही. घरी पाहुणे येणार असले की आपल्याकडे बायका जशा पाय न टेकता वावरतात, तशी ती तीन सकाळी माझ्यासाठी राबली. जिल बाजूला उभा राहून म्हणाला, "तुझी ताँत म्हणजे मशीन आहे!" ताँत म्हणजे मावशी. मावशीने मला मराठीत विचारलं, "काय म्हणतो मेला?" मी सांगितलं. ती लाजली.

रकान्यात मी एकशे पंचवीस लिहायला हवं होतं. मला ते दिसत होतं. पण त्याचा अर्थ जिलसमोर असा झाला असता, की ही बाई रोज याहून पुष्कळ सावकाश काम करते. जिने मला इथे आणलं, तिच्याबद्दल मी तिच्या साहेबाकडे असं लेखी देणार? मी शंभर लिहिलं. तिन्ही दिवस.

"माझं कसं झालं?" तिने विचारलं.

"हा तुझा रोजचाच वेग, असं लिहिलंय."

"बरं केलंस गं बाय," ती म्हणाली आणि मनगटावर बाम चोळू लागली.

सादरीकरणाची तयारी मी स्वयंपाकघरात केली. जोआना समोर बसली होती. ती म्हणाली, "मम्मा, सीरियसली? मावशी टेक्स फॉरेव्हर टू पील प्रॉन्स. दॅट्स नॉट हर रियल स्पीड." मी म्हणाले, "तू स्लाइडमधल्या फ्रेंचच्या चुका बघ." तिने चार काढल्या. पाचवी तिने आधीच सांगितली होती.

डिसेंबरात सादरीकरण झालं. माझा निष्कर्ष : तिघींच्या ठिकाणी दोघी पुरतात. प्राध्यापक बाईंनी एकच प्रश्न विचारला, "वेग तुम्ही नेहमीचा धरला आहे. खात्री आहे?"

"वी, मादाम."

चांगले गुण मिळाले. व्हिन्सेंटने फुलं आणली. वसईला तुम्ही पेढे वाटलेत. इंजिनियरच्या परवान्यासाठी माझे कागद गेले, त्यात हा प्रोजेक्टही होता.

जानेवारीत फॅक्टरीने माझा अहवाल लागू केला. व्हिएतनामची बाई गेली. उरलेल्या दोघींना खोक्यांचं नवीन लक्ष्य मिळालं, मावशीच्या त्या तीन सकाळींच्या वेगाचं, पण रोज आठ तास. फेब्रुवारीत ती जिने चढताना थांबायला लागली. मार्चमध्ये दोनदा तिला ऑफिसात बोलावून घेतलं. एका रविवारी मिस्सेनंतर ती मला म्हणाली, "माझ्यामुळे तुझ्या प्रोजेक्टचं नाव खराब होतंय का गं? तू लिहिलंस ते बरोबरच असणार. माझेच हात म्हातारे झाले."

त्या दिवशी घरी जाऊन मी जिलला मेल लिहिली. वेगाचा आकडा चुकला आहे, सगळी वेळ दुरुस्त करावी लागेल, तिघीच लागतात. सात ओळी. व्याकरण तपासलं. मग विचार केला, की परवाना येऊ दे. अहवाल चुकीचा होता असं मीच लिहून दिलं तर कागद अडकतील. पत्र आलं की पाठवू. यादीत लिहिलं : मेल पाठवणे, परवान्यानंतर.

एप्रिलच्या एका शुक्रवारी मावशीची नोकरी गेली. परवान्याचं पत्र पुढच्या मंगळवारी आलं. मेल मी त्याच दिवशी पाठवली, खाली नावापुढे 'इंजिनियर' लावून. जिलचं उत्तर दोन ओळींचं होतं : त्या टेबलांच्या जागी आता मशीन येणार आहे, आणि अभिनंदन.

जूनमध्ये मुलगा येऊन तिला नॉर्थ यॉर्कला घेऊन गेला. त्याच्या कंडोत ती नातवाला सांभाळते. पुन्हा मुलंच. या वयात एकटी आगाशीला राहू देणार नाही, असं तो म्हणाला. नोकरी असती तर ती भांडली असती. ग्रिल बसवलेलं ते घर भाड्याने दिलं आहे. जाताना तिने पडद्याचं कापड माझ्या हातात ठेवलं. "तुझ्या उपयोगी येईल." आता आमचाही कंडो आहे, नवव्या मजल्यावर, मोठ्या खिडक्यांचा. कापड कुठल्याच खिडकीला पुरत नाही. मापाने कापलेलं आहे.

दर रविवारी ती फोन करते. नव्या कारखान्यात मी काय मोजते ते विचारते. शेवटी म्हणते, "माझ्या भाचीचं चांगलं झालं, बस." मी खरं सांगितलं तर मला हलकं वाटेल आणि तिच्याकडे उरलेली ही एक गोष्टही जाईल. नाही सांगितलं तर ती मरेपर्यंत आपल्या हातांना दोष देत राहील. दोन्ही बाजू मी कागदावर मांडून पाहिल्या. बेरीज कशीही केली तरी तिला काही मिळत नाही.

आई, तू सांगितलंस तसंच मी केलं. पहिलं माणूस शोधलं, मग घर. आता घर आहे. त्याच्या कपाटात दुसऱ्या कोणाच्या घराच्या खिडकीचं कापड घडी करून ठेवलेलं आहे, आणि मला विचाराल तर या देशात माझं घर म्हणजे तेवढंच आहे.

डिसेंबर २०१९. आजची यादी : विंटर टायर, झालं. जोआनाची कॉलेजची फी, झालं. वसईला नाताळचं पार्सल, झालं. खालची ओळ एप्रिलपासून प्रत्येक पानावर पुढे लिहीत आले आहे, आता नव्या डायरीच्या पहिल्या पानावर उतरवली :

फिलूमावशीला सांगणे, की तो तिचा रोजचा वेग नव्हता, आणि मला तेव्हाच माहीत होतं.