बाजूनं की बाजूला

नीळकंठ सरांनी बारामतीत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मलाही त्यांनीच शिकवलं, म्हणजे कान पिळून शिकवलं. एका वाक्यात एकच शब्द दोनदा आला की ते लाल शाईनं गोल करायचे आणि म्हणायचे, "भाषेला दळिद्र आलंय का?" निवृत्तीनंतरही लोक इंग्रजी कागद घेऊन त्यांच्याकडे जायचे. सर चार गोष्टी सुनावायचे, पण काम करून द्यायचे.

प्रतिक्षाला त्यांच्याकडे मीच नेलं, याचा मला अजून राग येतो. ती शेळगावच्या जोतीरामची मुलगी, आमच्या शेजारी खोली घेऊन राहायची आणि एमआयडीसीत एका परदेशी मालकाच्या कंपनीत पॅकिंगला होती. तिथं झाडू मारणाऱ्या जयवंताकाकू तिच्याच गावच्या. सुपरवायझरनं काकूंच्या कानफटात मारली. दुसरी बसायच्या आत प्रतिक्षा मध्ये पडली, थप्पड हातावर झेलली आणि त्याला ढकललं. काकूंनी तक्रार केली, तेव्हा त्यानं उलटी तक्रार केली, की या पोरीनं विनाकारण धक्काबुक्की केली. बाकीच्या बायका भीतीनं गप्प बसल्या. चौकशी परदेशातून होणार होती, म्हणून जबाब इंग्रजीत हवा होता.

"सर, मी ढकललं त्याला, खोटं कशाला बोलू?" प्रतिक्षा म्हणाली. "पर काकूच्या बाजूनं हुबी ऱ्हायले म्हनून ढकललं. तेवढं नीट लिवा."

सर खुलले. असं काही निवडायला मिळालं की त्यांना जेवणही सुचत नसे. 'स्टूड अप फॉर' त्यांना भांडखोर वाटलं. धक्काबुक्कीचा आळ असताना असलं नको म्हणाले. 'डिफेंडेड' कोर्टातलं वाटलं. आतून त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई म्हणाल्या, "साधं 'हेल्प्ड' लिहा की."

"हेल्प पिशवी उचलायला करतात," सर म्हणाले.

शेवटी 'स्टूड बाय' ठरलं. शांत, खानदानी, साथ देणारं. 'आय स्टूड बाय हर व्हेन ही स्लॅप्ड हर.' मग त्यांची नजर दोन 'हर'वर गेली. एक गाळला. 'आय स्टूड बाय व्हेन ही स्लॅप्ड हर.' वाक्य कसं सुटसुटीत झालं, ते त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. मीही मान डोलावली. प्रतिक्षानं सही केली.

तीन आठवड्यांनी निकाल आला. सर तो मोठ्यानं वाचत होते आणि मध्येच थांबले. त्यात लिहिलं होतं: काकूंना मारलं जात असताना आपण बाजूला उभं राहून बघत होतो, असं प्रतिक्षानं स्वतःच लिहून दिलं आहे. म्हणजे ढकललं ते कुणाला वाचवायला नव्हे. तिला कामावरून काढलं होतं. विनाकारण ढकलणारीची साक्ष धरली नाही, म्हणून काकूंची मारल्याची तक्रारही खोटी ठरवून त्यांनाही काढलं. सुपरवायझर जागेवरच होता.

'हर' होतं तोवर 'स्टूड बाय' म्हणजे साथ होती. ते गाळलं आणि साथीची बघ्याची भूमिका झाली. एवढं समजायला सरांना अर्धं मिनिट लागलं. मग ते खुर्चीत पार खचले. चूक माझी आहे म्हणून त्यांनी कंपनीला तीन पत्रं लिहिली. एकच उत्तर आलं: जबाब सहीचा आहे, बदलता येणार नाही.

प्रतिक्षा एका शब्दानं बोलली नाही. सामान बांधून गावी गेली. बोलली असती तर बरं झालं असतं, असं सर रोज म्हणायचे. एका रविवारी मला म्हणाले, मोटारसायकल काढ.

शेळगावात काकू दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. सरांनी हात जोडले आणि सगळं सांगितलं. पोरीनं तसं म्हटलं नव्हतं, शब्द माझा, गाळला मी, तिच्यावर राग धरू नका.

"राग कशाचा?" काकू म्हणाल्या. "ती मधी पडली हुती, मला ठावं हाय. तिच्या हातावर वळ उठल्याला मी बघितलाय."

सरांना जरा धीर आला. काकूंनी हातातल्या शेंगा सुपात टाकल्या.

"पर सर, कागदावर एकच मानूस माझ्या बाजूचं हुतं, ते तुमी काढलंसा. आता तितं माझ्याकडनं कोन हाय?"

कुणीच नव्हतं.