सिस्टरांचं एक मिनिट

"मिनिटभर कुनी बोलू नका."

घरात पाऊल टाकलं की सिस्टरांचं पहिलं वाक्य हेच. मग बाळाचं अंगडं वर करायचं, घड्याळ डोळ्यांसमोर धरायचं आणि श्वास मोजायचे. मध्येच सरपंच जरी बोलला तरी पुन्हा एकपासून सुरुवात. त्या डिंगोऱ्याच्या नर्स, मी आरोग्य केंद्राच्या जीपचा ड्रायव्हर. खरं सांगतो, त्या मिनिटाचा मला फार कंटाळा यायचा. तुम्हालाही आला असता.

सर्दी-खोकल्याला कोणी सुई मागितली की म्हणायच्या, "व्हायरस हाय, सुईला भीत न्हाई. अंगावरचं दूध पाजा, चुलीपासनं लांब ठेवा. श्वासासंगं पोट उडाया लागलं की मातर धावत या." लोक फुरंगटायचे. सुई न देणारी कसली नर्स!

एकदा थंडीत घाटघरला गेलो. चार महिन्यांची पोर चुलीजवळ गोधडीत गुंडाळलेली, नुसतं नाक बाहेर. दोन दिवस सर्दी होती म्हणे. आजी म्हणाली, "आता निवांत झोपलीया."

"उघडा आधी."

"वारं लागंल, बाई!"

सिस्टरांनी गोधडी स्वतःच सोडली. दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. गोधडीवरून तो कुणाला दिसणार?

"सत्तर," मिनिटभर मोजून त्या म्हणाल्या. "पन्नासाच्या आत पायजे." "जुन्नरला न्यायची. आत्ता."

तो रस्ता मी शेकडो वेळा केला असेन, पण त्या दिवशी संपेना. मागे आई पोरीला उभी धरून बसलेली, सिस्टर मोजत होत्या. सत्तर. अडुसष्ट. मग चाळीस. मला हायसं वाटलं. "उतरलं की, सिस्टर!"

"उतरलं न्हाई भाऊ, दमली ती. पळव गाडी!"

त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी गाडी दामटली.

दवाखान्यात ऑक्सिजन लागला. डॉक्टर म्हणाले, व्हायरसच आहे, त्याला मारायचं औषध नाही. श्वासाला आधार द्यायचा आणि वाट पाहायची. तिसऱ्या दिवशी पोर अंगावर प्यायली, तेव्हा आईच्या आधी सिस्टर रडल्या.

गेल्या वर्षी सिस्टर वारल्या. माझ्या शेजारची रिकामी सीट मला अजून सहन होत नाही.

परवा घाटघरला जीप थांबवली, तर तीच पोर, आता शाळेत जाणारी, चढावरून पळत आली. "सिस्टर नाय आल्या?"

ती धापा टाकत माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

"मिनिटभर बोलू नको," मी म्हणालो, आणि घड्याळ डोळ्यांसमोर धरलं.