बेडकाच्या नळीत कोंबडी

आमच्या लॅबात एक मोठा फ्रीजर हाय. महिन्या दोन महिन्यांनी त्याचा बर्फ काढावा लागतो, न्हाईतर दार लागत न्हाई. किश्श्यांचं पण तसंच बघा. साचत जातात, मग तोंड मिटत न्हाई. आज थोडा बर्फ काढतो.

मी बबन, धायरीचा. लॅबातला अटेंडंट. सगळे मामा म्हणतात. रिटायर झालो तरी सरांनी परत बोलावलं. "मामा, तुमच्याइतक्या स्वच्छ काचा कुणाला धुता येत नाहीत." आजवरचं एकच कौतुक, ते पण काचांचं!

*

मला इंग्रजीची चारच अक्षरं येतात. ए, टी, जी, सी. ती पण सरांनीच शिकवली. डीएनए ह्या चारच अक्षरांत लिहिलेला असतो म्हणे. मुंगी असू दे, वड असू दे, न्हाईतर नगरसेवक.

पूर्वी तो वाचायला दोन काचांमधे जेल ओतायचं, त्याची फिल्म काढायची, आणि सर ती उजेडावर धरून एकेक पट्टी वाचायचे. "ए... टी... टी... जी..." मी लिहून घ्यायचो. दिवसाला दोन कागद भरले तर नशीब! एकदा सरांना मधेच शिंक आली.

"सर, ही कुठल्या अक्षरात लिहू?"

"मामा, तुम्ही चार अक्षरांवर थांबलात हे देशावर उपकार आहेत."

फिल्म गेली, पण सरांची सवय गेली न्हाई. अजून जेवून आले की कुणाच्या पण सॅम्पलची नळी बोटानं उचलतात, झाकण उघडतात, उजेडावर धरतात. काय दिसतं, त्यांनाच ठाऊक!

*

पहिलं मोठं मशीन आलं तेव्हा दारातनं जाईना. गवंडी बोलवून भिंत फोडली. पण काय मशीन! आमचं आठवड्याचं काम दिवसात वाचून मोकळं. मी त्याला रोज नमस्कार करायचो.

मग परवा नवीन मशीन आलं. कुरियरनं! स्टेपलरएवढं. लॅपटॉपला जोडायचं की झालं. मी ते गुपचूप शर्टाच्या खिशात टाकलं.

सरांनी अर्धा तास शोधलं. टेबलाखाली, कपाटात, कचऱ्याच्या डब्यात.

"मामा, मशीन आलं ना? ठेवलंत कुठं?"

"सर, आधी गवंडी बोलवू का?"

खिशातनं काढून दिलं. मला वाटलं, आता ओरडा बसतोय. पण सरांनी ते तळहातावर घेऊन उलटंपालटं करून बघितलं. मग हळूच म्हणाले, "मामा, एवढ्याशासाठी आपण माना मोडून घेतल्या हो!"

*

आमचे सर शुद्ध शाकाहारी. वाढदिवसाचा केक आला तर आधी विचारणार, "अंडं आहे का?" असलं तर दोन पावलं मागं.

फक्त बुधवारी त्यांना भूक नसते. वहिनींनी दिलेला डबा माझ्या हातात ठेवतात आणि पाय मोकळे करायला खाली जातात. पाऊण तासानं परत येतात. बडीशेप चघळत!

*

नाझनीन आमच्याकडं पीएचडी करते. कॅम्पातली. बाप घड्याळं दुरुस्त करतो, पोरीची नजर पण तशीच बारीक. एकदा मला म्हणाली, "मामा, पाण्यात कोण उतरलं होतं ते पाणीच सांगतं. त्यात डीएनए राहतो."

म्हटलं, बघूच. भावाच्या गोठ्यात म्हशीला पाणी पाजायचा हौद हाय, त्यातलं बाटलीभर नेलं. "आमच्या विहिरीचं पाणी हाय, बघ."

दोन दिवसांनी आली. चेहरा एकदम सरळ.

"मामा, तुमच्या विहिरीत म्हैस पोहते का?"

"कधीमधी."

"पोहता पोहता ज्वारीचा कडबा पण खाते?"

मी हात जोडले! जन्मभर लोकांना गंडवलं, आणि मला पकडलं कुणी, तर बाटलीभर पाण्यानं.

*

ह्याच नाझनीनचे दोन बेडूक. एक घाटाच्या अलीकडचा, एक पलीकडचा. दिसायला सारखे. सर म्हणायचे, एकच जात. ही म्हणायची, "सर, दोघांचं ओरडणं वेगळंय!"

"उद्या म्हणशील माझे दोन कान वेगळे."

तिची तीन वर्षं ह्या दोन बेडकांवर टांगलेली. पलीकडच्या बेडकाच्या बोटाचा टवका उरलेला, अर्ध्या तांदळाएवढा. त्यातला निम्मा तिनं बुधवारी वापरला. मशीननं वाचलं. बेडूक, बेडूक, बेडूक, आणि मधेच... कोंबडी!

सर भडकले. "हात न धुता कामं करता! असल्या सॅम्पलवर मी सही करणार नाही. थिसिसमध्ये एकच बेडूक लिही."

नाझनीनचे डोळे भरले. टवका आता एकदाच पुरणार होता, आणि तो लावायला सरांचा होकार पाहिजे.

"बुधवारी इथे आपण तिघंच होतो," सर म्हणाले. "काय खाल्लं होतंस?"

"सर, माझा रोजा होता. पाणीसुद्धा नाही."

सर माझ्याकडं वळले. "मामा?"

आता मी खातो सगळंच. कोंबडी तर आवडीनं. पण खोटं कशाला बोलू?

"मी दुधीभोपळा खाल्ला, सर. तुमच्या डब्यातला."

सरांची नजर आपल्याच बोटांवर गेली.

नाझनीन माझ्याकडं बघते, मी छताकडं बघतो. सरांनी रुमाल काढला, बोटं पुसली. "उरलेला टवका लाव," म्हणाले आणि निघाले. दारातनं वळले.

"बुधवारी नको."

सोमवारी लावला. कोंबडी गायब! नाझनीननं दोन्ही बेडूक स्क्रीनवर एकाखाली एक लावले. मी बोट ठेवून वाचलं. वर ए, खाली जी. वर टी, खाली सी. पुढं परत तसंच, लई ठिकाणी. चार अक्षरंवाल्याला पण कळलं, हे दोघं एक न्हाईत.

सर मागं उभे होते. चष्मा पुसला, परत बघितलं.

"कान वेगळे आहेत," म्हणाले. "सही कुठे करायची?"

मग बुधवार आला. एक वाजता सरांनी डबा माझ्या हातात दिला. दुधीच होता.

ग्लोव्हज घालून दिला!