हसीना आपांचे पुठ्ठे

"न्हाई म्हंजे न्हाई! डोळ्यांनी बघितल्याबगर सही करणार न्हाई मी."

"अगं उमा, वाचलाय ना मी तो शब्द! सतराव्या पानावर... का सत्तराव्या, पण वाचलाय."

"बघ! पानच आठवंना तुला."

उदगीरला सासरच्या किराणा दुकानात गुळाच्या ढेपेशी उभी राहून मंजुश्री ऐकत होती. लग्न होऊन दोनच महिने झालेले. सासूचं तिच्या जुन्या मैत्रिणीशी, हसीना आपांशी, असं भांडण ती पहिल्यांदाच बघत होती, तेही इंग्रजी शब्दावरून! सासूला, उमादेवींना, तर अक्षरओळखीपलीकडे इंग्रजी येत नव्हतं.

हसीना आपांनी तेहतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. रडण्याला 'वीपिंग' म्हणतात हे पोरांना सांगता सांगता त्यांना नाद लागला. असल्या शब्दांचं अनेकवचन सहसा कुणी लिहीत नाही, पण एखाद्या जुन्या पुस्तकात कुणीतरी लिहून जातं: 'वीपिंग्ज'. एक नव्हे, कितीतरी रडणी. असा शब्द सापडला की आपा तो उदबत्तीच्या रिकाम्या पुड्याच्या पुठ्ठ्यावर उतरवायच्या आणि पुस्तक घेऊन थेट दुकानात. उमादेवी बोट ठेवून एकेक अक्षर ताडायच्या, मगच साक्षीदार म्हणून कानडीत सही. नियम आपांचाच. जमिनीच्या खरेदीखताला साक्षीदार लागतो, मग शब्दाला का नको?

पुठ्ठ्यांचे हे सगळे डबे सोमवारी नांदेडच्या एका कॉलेजला संग्रहासाठी जायचे होते. मंजुश्रीनं एक डबा उघडला. 'यर्निंग्ज', कितीतरी ओढी. 'अवेकनिंग्ज', कितीतरी वेळचं जागं होणं. एम.ए.ला इंग्रजी घेऊनही निम्मे शब्द तिनं कधी पाहिले नव्हते. असे एकवीस डबे, आणि पुठ्ठ्यापुठ्ठ्यावर सासूची तीच गोलगोल सही.

बिनसहीचा एकच उरला होता: 'लिंगरिंग्ज'. आपांच्या मोतीबिंदूच्या गडबडीत पुस्तक उमादेवींना दाखवायच्या आधीच लातूरच्या वाचनालयात परत गेलं होतं.

"आपा, फोनवर शोधू का?" मंजुश्रीनं विचारलं.

"फोनवरचं धरत नाही बेटा. छापील कागद पाहिजे."

"मग वगळ की तेवढा एक," उमादेवी म्हणाल्या.

"वगळू? निघवत नाही म्हणून माणूस दारात घुटमळतो ना, तसली सगळी घुटमळणी आहेत त्यात!"

"तर घे माझी खोटी सही. मग आधीच्या समद्या बी खोट्या म्हण!"

आपांनी पुठ्ठा पिशवीत घातला, छत्री उघडली आणि त्या पायरी चाचपत उतरून लातूरच्या बसकडे चालू लागल्या.

उमादेवींनी घटकाभर पाहिलं. मग पदर खोचला, चपला सरकवल्या.

"आत्या, दुकान? अन् एवढ्या उन्हात तुम्ही कुठं?"

"डोळ्यांनी बघितल्याबगर सही कशी करू?" म्हणत उमादेवी आपांच्या मागं निघून गेल्या.