मगरीएवढा बेडूक आणि आईचं बोलणं

मंडळी, आज आईला अमरावतीत विज्ञान प्रदर्शनाला नेलं होतं. बाबा गेल्यापासून ती त्यांचं नावच काढत नव्हती.

तिथे डायनासोरच्याही आधीच्या, बेडकाच्या नात्यातल्या एका प्राण्याचा मगरीएवढा सांगाडा मांडला होता.

आमच्या भातकुलीकडे कोरड्या वर्षी मुसळाला बेडूक बांधून, पाणी मागत दारोदार धोंडी काढतात. संध्याकाळी बाबा आठवणीने तो बेडूक सोडवून विहिरीपाशी ठेवायचे.

सांगाडा पाहून आई म्हणाली, "बाप्पा! याची धोंडी काढाची त मुसळ नाई, बैलबंडीच लागन."

मला हसू आलं. मग ती हळूच म्हणाली, "तुया बाबानं यालेबी सोडून देल्लं असतं."

घरी येईपर्यंत ती बाबांबद्दलच बोलत होती.

तुमच्या घरी गेलेल्या माणसाचं नाव पहिल्यांदा कशावरून निघालं?