ब्लूजच्या मैफिलीत अब्बांचं ‘मुकर्रर’

माझ्या आवडत्या ब्लूज गायकाला मी आयुष्यात पहिल्यांदा समोर पाहिलं, तेव्हा मी खुर्चीखाली लपायला जागा शोधत होतो.

गायकाचं नाव सांगत नाही. (सांगितलं तरी आमच्या भूम गावात कोणी ओळखणार नाही.) अमेरिकेतला माणूस, गिटार घेऊन काळजातलं गाऱ्हाणं मांडतो. त्याचं एकूण एक रेकॉर्डिंग मी ऐकलेलं आहे. नोकरी लागत नव्हती त्या काळात तर मला दोनच आधार होते, अम्मीचा चहा आणि याचा आवाज. अब्बांचं मत मात्र वेगळं. त्यांची हयात टेलरिंगच्या दुकानात आणि उरसातल्या कव्वाल्या ऐकण्यात गेली. माझं गाणं लागलं की ते शिलाई मशीन थांबवून विचारायचे, याचं कोण वारलंय? अब्बांनी एकदा, फक्त एकदा, याला गवई म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती.

तो पुण्यात गाणार असं कळलं आणि मी दोन तिकिटं काढली. सोबत येणारा मित्र ऐन वेळी आजारी पडला. नेमके त्याच दिवशी अब्बांचे डोळेही पुण्यात दाखवायचे होते. अम्मी म्हणाली, त्यांनाच घेऊन जा, बिचारे गप्प बसून राहतील. अब्बा आणि गप्प! (इतकी वर्षं संसार करून तिला नवरा कळलेला नाही.)

हॉलमध्ये सगळे अदबीने शांत. गायकाने डोळे मिटून पहिली ओळ गायली. माझ्या अंगावर काटा आला, आणि शेजारी अब्बांनी हात उंचावून खणखणीत आवाज दिला, "मुकर्रर!"

कव्वालीत ऐकणाऱ्याने मुकर्रर म्हटलं की कव्वाल तीच ओळ पुन्हा म्हणतो. आता ब्लूजची मुळात रीतच अशी, की पहिली ओळ दोनदा गायची आणि तिसरीत तिचा जबाब द्यायचा. तेव्हा गायकाने ती ओळ पुन्हा गायली. अब्बा चकित! पुढच्या कडव्याला पुन्हा मुकर्रर, पुन्हा तीच ओळ. राग आला किंवा फार आनंद झाला की अब्बा दखनी सोडून मराठीवर येतात. माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "लई खानदानी माणूस हाय रं. शब्द खाली पडू देत न्हाय."

मी खरं सांगायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा असा खुलला होता की माझी जीभच रेटेना. पुढच्या रांगेतल्या बाई वळून बघायला लागल्या. मागून कुणीतरी शुक् केलं. एक स्वयंसेवक येऊन हात जोडून गेला. अब्बांनी त्यालाही हात जोडले आणि पुन्हा मुकर्रर म्हटलं.

मग आलं माझं सर्वांत लाडकं गाणं. संथ, आणि त्यात कुठलीच ओळ दोनदा येत नाही! अब्बांनी मुकर्रर म्हटलं, गायक पुढे गेला. अब्बांनी पुन्हा म्हटलं, तो आणखी पुढे गेला. मग अब्बा सरळ उभेच राहिले. गिटार थांबली. गायकाने इंग्रजीत विचारलं, ते काका काय म्हणताहेत? सगळा हॉल माझ्याकडे बघू लागला. या माणसाला काय काय सांगायचं मी वर्षानुवर्षं ठरवलं होतं! तुझ्या आवाजावर मी वाईट दिवस काढले, निदान हे तरी. मी उभा राहिलो आणि एवढंच म्हणालो, "सर, माझ्या वडिलांना ती ओळ पुन्हा ऐकायचीय."

तो हसला. अब्बांकडे बघत त्याने छातीला हात लावला आणि ती ओळ पुन्हा गायली, आधीपेक्षा कितीतरी हळू. तशी ती त्याच्या कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नाही. अब्बा खाली बसले, डोळे पुसले (सकाळी डॉक्टरांनी थेंब घातले होते, पण हे ते पाणी नव्हतं) आणि पुटपुटले, "गवई हाय." मी मनातल्या मनात दोघांचेही आभार मानले, आजही मानतो.

आता दुकानात दिवसभर तोच वाजतो. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता अब्बा सांगतात, या गवयानं पुण्यात आपल्यासाठी गाणं थांबवलं होतं. परवा बेंबळीच्या पाहुण्यांनी विचारलं, तुमच्यासोबत कोण होतं? अब्बांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"ह्यो होता की. ह्याला बी थोडीफार आवड लागलीय, माझ्या संगतीनं."