उदबत्तीचा धूर

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, ते गणपत मिस्त्री मला कधीच आवडले नाहीत. त्यांनाही मी आवडत नसे, आणि ही गोष्ट ते चारचौघांत सांगत.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याआधीचा तो कापसाचा हंगाम. इंझोरीच्या आमच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला मी पहिला मॅट्रिक. कॉलेजला जायचे तर आधी कमवायला हवे, म्हणून वाशीमकडच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, कारकून झालो. पहिल्याच सकाळी थंडी होती. मी वही घेऊन इंजिनघरात बसलो. इंजिन सांभाळणाऱ्या गणपत मिस्त्रींनी वही उचलली आणि दारातून बाहेर भिरकावली.

“अबे मॅट्रिक, इथं कायले बसून राह्यला? इंजिन का तुया घरची चूल हाय शेकाले?”

इंजिनाचा धूर नळातून बाहेर जाई. नळ जुना होता, त्याच्या सांध्यांतून धूर गळे. तो ओढून बाहेर टाकायला भिंतीच्या भोकात पट्ट्यावर फिरणारा पंखा बसवला होता. रोज इंजिन सुरू झाले की मिस्त्री उदबत्ती पेटवून पंख्यासमोर धरत आणि डोळे बारीक करून तिच्या धुराकडे पाहत. धूर भोकात गेला तर ठीक. जरा जरी मागे वळला तर इंजिन बंद. मजूर हसत.

“मिस्त्री, आज देव पावला का?”

“देव देवळात. इथं माह्यं चालते. हात चालवा,” ते खेकसत.

भोकातून काजळी उडून अंगणातल्या कापसाच्या ढिगावर पडे. मॅनेजरसाहेबांनी मला भोकावर बाहेरून पोते ठोकून घ्यायला सांगितले. मी घेतले. मिस्त्रींनी ते फाडून माझ्या टेबलावर आणून टाकले आणि थेट साहेबांसमोर उभे राहिले. “इथं मानूस मरन, अन् तुमाले कापूस दिसून राह्यला!”

त्याच संध्याकाळी त्यांना काढून टाकले. मला मनातून बरे वाटले. पोते मी पुन्हा ठोकवले.

दुसऱ्या सकाळी तेल घालणाऱ्या रामजीने इंजिन सुरू केले. मिस्त्रींची रीत मोडायला नको, म्हणून आम्ही उदबत्ती लावली, पंख्याखालच्या कोनाड्यात खोचली, हात जोडले आणि पाठ फिरवली. रामजी पट्टे पाहायला गेला. मी दार ओढून घेऊन उबेला लिहीत बसलो. आता हाकलणारे कोणी नव्हते. थोड्या वेळाने डोके जड झाले. अक्षरे हलू लागली. मग छान झोप आल्यासारखे वाटले.

जाग आली ती अंगणात, थोबाडीत बसल्यावर. मिस्त्री आपली हत्यारांची पेटी न्यायला आले होते. दार उघडताच त्यांना उदबत्तीचा धूर उलटा खोलीत फिरताना दिसला, आणि मग जमिनीवर पडलेला मी. कॉलर धरून त्यांनी मला बाहेर ओढत आणले होते.

“उदबत्ती लावली अन् धूर नाही पाह्यला! पूजा करून राह्यला व्हता का बे?”

मी त्यांच्या पायांकडे वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

“पाया पडू नको. पयले थे पोतं काढ.”

दुपारी साहेबांनी मला कागद लिहायला लावला: गणपत मिस्त्रीने जाताना पंखा बिघडवून ठेवला. अक्षर माझे, सहीही माझी. नोकरी गेली तर कॉलेज गेले, एवढाच विचार मी केला. त्यानंतर कुठल्याच जिनाने मिस्त्रींना दारात उभे केले नाही. ते केनवडला एका लोहाराच्या भात्यावर बसू लागले. मी मात्र शिकलो, पदवी घेतली. मास्तर झाल्यावर मी त्यांना हे पत्र पाठवले.

“तीर्थस्वरूप गणपत मिस्त्री यांस साष्टांग नमस्कार. हे पत्र ज्याच्याकडून वाचून घ्याल त्याने ते भात्याजवळ, लोक बसलेले असताना, मोठ्याने वाचावे. पंखा तुम्ही बिघडवला नव्हता. भोक मी बुजवले होते आणि खोटा कागदही मीच लिहिला. असेच पत्र जिनाच्या मालकांनाही धाडले आहे. तुम्ही मला माफ करावे असे मी म्हणत नाही. इथल्या पिठाच्या गिरणीत तेलाचे इंजिन आहे. काल मी तिथे उदबत्ती धरली. धूर मागे वळला. गिरणीवाल्याने शिव्या देऊन मला हाकलले. उद्या पुन्हा जाणार आहे.”